हिरवळीचे बी

पुणे-नाशिकच्या बाजूस मंगल कार्यालयांच्या पाट्यांवर हल्ली 'लॉन्स' हा शब्द हटकून आढळतो. आत गेल्यावर पुष्कळदा फरशी, मंडप आणि खुर्च्याच दिसतात. गवत औषधालाही नसते. शब्द मात्र रुळला आहे. मूळ इंग्रजी शब्दाचाही प्रवास असाच वाकडातिकडा आहे. जुन्या फ्रेंच भाषेतील माळरानाच्या अर्थाच्या एका शब्दावरून तो इंग्रजीत आला आणि आरंभी त्याचा अर्थ रानातली मोकळी जागा एवढाच होता. त्यात कापणे, सारखे करणे, पेरणे यांपैकी काहीच नव्हते. आपला 'हिरवळ' हा शब्द त्या मानाने प्रामाणिक म्हणावा लागेल. तो डोळ्यांना जे दिसते तेवढेच सांगतो. ते कोणी लावले की आपोआप उगवले, या वादात पडत नाही.

आम्ही मात्र या लेखात त्याच वादात पडणार आहोत. राज्य सरकारच्या सेवेत असताना बियाण्यांच्या नमुन्यांशी आणि त्यांच्या कागदपत्रांशी आमचा बराच संबंध आला. त्यामुळे एखादी सुंदर हिरवळ पाहिली की ती कशी दिसते यापेक्षा ती कशापासून झाली, हा प्रश्न आम्हांस आधी सुचतो. उद्यानांच्या इतिहासाच्या ग्रंथांतून राजे, वास्तुकार आणि कारंजी भरपूर भेटतात. गवताच्या बियांचा उल्लेख क्वचितच सापडतो. वास्तविक त्या बियांचा इतिहास हा विकणारा आणि घेणारा यांच्यातील विश्वासाचा इतिहास आहे, आणि तो आपल्या हरळीपर्यंत येऊन पोहोचतो.

युरोपात हिरवळ तयार करण्याची जी जुनी कृती आपणांस ठाऊक आहे, ती आल्बर्टुस माग्नुस या विद्वान धर्मगुरूने 1260 च्या सुमारास वनस्पतींवरील ग्रंथात नोंदवली. ती वाचून बियाण्याच्या माणसाला हसूच येईल. जमिनीतली सारी मुळे खणून काढावीत, मग जमिनीवर उकळते पाणी ओतावे, म्हणजे आत दडलेले बी मरून जाईल. त्यानंतर रानातून कापून आणलेल्या गवताच्या मातीसकट लाद्या अंथराव्यात, त्या लाकडी मोगरीने ठोकाव्यात आणि गवत दिसेनासे होईपर्यंत पायांनी तुडवाव्यात. पुढे त्यातून केसांसारखे बारीक गवत वर येते. या कृतीत बी हा शत्रू आहे. पेरणीचा विचारही नाही. जवळजवळ पाच शतके श्रीमंतांच्या बागांत हीच रीत प्रतिष्ठित राहिली. मेंढ्यांनी चरून चरून आखूड केलेल्या कुरणांतली लादी उत्तम समजली जाई, आणि चेंडू घरंगळवण्याच्या मैदानांसाठी तर तिच्याशिवाय चालतच नसे.

मग पेरणी कोण करी? ज्यांना लाद्या परवडत नसत ते, आणि शेतकरी. त्यांचे बियाणे म्हणजे गंजीच्या तळाशी किंवा माळ्यावर साचलेला केरकचरा. गवत वाळवून साठवले की बी खाली गळते. ते झाडून पोत्यात भरायचे आणि शेतात फेकायचे. त्यात चांगले गवत किती, तण किती आणि नुसती धूळ किती, हे देवालाच ठाऊक. याला सन्माननीय अपवाद एकच, राय-गवत. त्याचे बी टपोरे, गोळा करण्यास सोपे आणि लवकर रुजणारे. 1677 साली प्रसिद्ध झालेल्या ऑक्सफर्डशायरच्या वर्णनात रॉबर्ट प्लॉट याने त्याच्या लागवडीची नोंद केली आहे. हे राय-गवत म्हणजे आपल्या कथेतील जाड कातडीचे पात्र होय. ते पुढे पुन्हा पुन्हा येईल.

अठराव्या शतकात लॅन्सलॉट ब्राउन (1716–1783) याने इंग्लंडातील उमरावांच्या वाड्यांभोवतीच्या आखीव बागा मोडून थेट दारापर्यंत गवत आणून भिडवले. शेकडो एकरांच्या त्या हिरवळींसाठी लाद्या आणणार तरी किती? बियाण्याची गरज वाढली. 1760 च्या सुमारास बेंजामिन स्टिलिंगफ्लीट याने गवतांची निरीक्षणे लिहिताना शेतकऱ्यांना बजावले, की गव्हा-जवाचे बी निवडून घेता तसे गवताचेही जातवार निवडून घ्या. गवत म्हणजे सगळे सारखेच, ही समजूत मोडण्यास एवढ्या शहाण्या देशातही इतका काळ लागला.

ती समजूत खऱ्या अर्थाने मोडली ती वोबर्न येथे. बेडफर्डच्या सहाव्या ड्यूकच्या पदरी जॉर्ज सिंक्लेअर नावाचा मुख्य माळी होता. रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही याच्या मार्गदर्शनाखाली त्याने 242 छोटे वाफे आखले. प्रत्येक वाफा दोन फूट लांब, दोन फूट रुंद. माती निरनिराळी, गवत निरनिराळे. कुठे एकच जात, कुठे अनेकांचे मिश्रण. कोणते गवत किती येते, केव्हा फुलते, दुसऱ्यांदा कापल्यावर काय देते, याचे वजनासह तक्ते त्याने ठेवले आणि 1816 साली ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्या पहिल्या आवृत्तीत चित्रांऐवजी प्रत्यक्ष वाळवलेली गवते चिकटवलेली होती. एका जातीच्या वाफ्यापेक्षा अनेक जातींच्या वाफ्यात अधिक रोपे आणि अधिक चारा येतो, हा त्याच्या नोंदींतला निष्कर्ष पुढे चार्ल्स डार्विनने 1859 च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात वापरला. फक्त सिंक्लेअरचे नाव घ्यायचे राहून गेले. ड्यूकच्या माळ्याचे वाफे हा परिसंस्थाशास्त्रातला पहिला प्रयोग होता, असे आज मानले जाते. माळ्यांच्या वह्या कचेरीतल्या फायलींप्रमाणेच असतात. त्यांचा उपयोग होतो, पण त्यांवर सही दुसऱ्याची असते.

सिंक्लेअर पुढे स्वतःच एका बियाणे-विक्री पेढीत भागीदार झाला, आणि ते काळाला धरूनच होते. कारण 1830 साली ग्लॉस्टरशायरमधील एडविन बडिंग याने गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. तो लोकरीच्या गिरण्यांच्या मुलखातला यंत्रज्ञ. विणलेल्या कापडावरची लव सारखी कातरण्यासाठी गिरणीत फिरत्या पात्यांचे यंत्र असते; तेच आडवे करून जमिनीवर चालवावे, ही त्याची कल्पना. तोवर हिरवळ कापायची तर पहाटे दव असताना लांब दांड्याचे विळे घेतलेल्या कसबी माणसांची रांग लागे. यंत्रामुळे हिरवळ उमरावांच्या हातून निसटली आणि वकील, डॉक्टर, दुकानदार यांच्या घरामागच्या परसात आली. या मंडळींकडे मेंढ्या नव्हत्या, कुरण नव्हते आणि लाद्या वाहून आणण्यास गाड्याही नव्हत्या. त्यांना हवी होती ती पुडी. रेडिंग येथील 1806 साली स्थापन झालेल्या सटन पेढीसारख्या व्यापाऱ्यांनी 1840 च्या स्वस्त टपालाचा आणि आगगाडीचा फायदा घेऊन ती घरपोच केली.

पेरणीची जी पद्धत तेव्हा पक्की झाली तीच थोड्याफार फरकाने आजही चालते. जमीन खोल खणून, दगड वेचून, महिनाभर तशीच पडू द्यायची. म्हणजे आतले तण उगवून येते आणि ते खुरपून टाकता येते. आल्बर्टुसच्या उकळत्या पाण्याचेच हे सौम्य रूप. मग माती दंताळ्याने रव्यासारखी बारीक करायची, पायांनी दाबायची. वारा पडलेला दिवस पाहून बियांचे दोन भाग करायचे. एक भाग उभ्या दिशेने फेकायचा, दुसरा आडव्या, म्हणजे कुठे दाट कुठे विरळ होत नाही. हलके दंताळे, हलका रूळ, झारीचे बारीक पाणी आणि पाखरांवर नजर. इंग्लंडात त्यासाठी ऑगस्टअखेर ते सप्टेंबर, नाहीतर एप्रिल. यातले काहीच कठीण नाही. कठीण होते ते एवढेच, की पुडीत खरोखर काय आहे हे पेरणाऱ्याला कळण्याचा मार्ग नव्हता.

गवताच्या बियांत फसवणूक करणे अगदी सोपे. ती इतकी बारीक आणि एकमेकींसारखी असतात, की भिंगाशिवाय ओळखता येत नाहीत, आणि खोटेपणा उघड व्हायला दोन हंगाम जातात. तोवर दोष मातीला, पावसाला किंवा माळ्याला देऊन मोकळे होता येते. शिवाय हिशेबाची गोम निराळीच. राय-गवताच्या एका ग्रॅममध्ये सुमारे 500 बिया भरतात, तर बेंट नावाच्या तलम गवताच्या एका ग्रॅममध्ये 10,000 हून अधिक. समजा शंभर ग्रॅम मिश्रणात 90 ग्रॅम राय आणि 10 ग्रॅम बेंट आहे. वजनाने पाहता राय नऊ पट. पण मोजून पाहता रायच्या बिया 45,000 आणि बेंटच्या लाखभर. तरीही राय आठवड्याभरात वर येऊन सगळी जागा बळकावते आणि तलम गवताला पहिल्याच महिन्यात गुदमरवून टाकते. म्हणजे वजन एक सांगते, मोजदाद दुसरे आणि प्रत्यक्ष जमीन तिसरेच. अशा ठिकाणी प्रामाणिक व्यापाऱ्यालाही खरे सांगणे सोपे नसते. अप्रामाणिकाची तर चंगळच.

आणि अप्रामाणिकांची कमतरता नव्हती. भारी बियांत तशाच दिसणाऱ्या हलक्या बिया मिसळायच्या. पण त्या उगवल्या तर चोरी उघडी पडेल, म्हणून आधी भाजून मारून टाकायच्या. मेलेले बी साक्ष देत नाही. जुनाट, फिकट पडलेल्या बियांना रंग चढवून नव्यासारखे करायचे. हा व्यवहार एवढा बोकाळला, की 1869 साली ब्रिटिश पार्लमेंटला बियाण्यांतील भेसळीविरुद्ध कायदा करावा लागला. त्यात बी मारणे आणि बी रंगवणे हे दोन गुन्हे नाव घेऊन सांगितले आहेत. कायद्याच्या भाषेत 'बी मारणे' हा शब्दप्रयोग वाचताना आम्हांस दरवेळी थोडे चमकल्यासारखे होते. पेरणाऱ्याच्या आशेवर घातलेला घाव त्यात नेमका पकडला आहे.

योगायोग असा, की त्याच 1869 साली जर्मनीत सॅक्सनीमधील थारांट येथे फ्रीडरिश नोबे या प्राध्यापकाने जगातील पहिले बियाणे-परीक्षण केंद्र सुरू केले, आणि त्याच्या मुळाशी गवताचेच बी होते. फेस्क्यू म्हणून विकल्या गेलेल्या एका नमुन्यात खरे फेस्क्यू जेमतेम तीस टक्के निघाले. बाकी दुसरेच काहीबाही. इंग्लंडने शिक्षेचा मार्ग धरला, नोबेने मोजणीचा. बी किती शुद्ध, त्यातले किती रुजते, आणि या दोहोंच्या गुणाकाराने खरे मोल किती, हे त्याने साध्या अंकांत मांडले आणि 1876 साली त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. आम्हांस विचाराल तर दोहोंत नोबेचे काम थोर. कारण कायदा चोर सापडल्यावर जागा होतो. आकडा छापलेला असला की गिऱ्हाईक आधीच जागे असते. पुढे देशोदेशी अशी केंद्रे निघाली आणि 1924 साली त्यांची आंतरराष्ट्रीय संघटना झाली. चारशे बिया मोजून ओल्या कागदावर मांडायच्या आणि ठरलेल्या दिवशी अंकुर मोजायचे, ही रीत आज जगभर एकच आहे.

आपल्याकडे 1966 साली बियाणे कायदा आला. निरीक्षकाने घेतलेल्या नमुन्याचे तीन भाग करून मोहरबंद करायचे: एक विक्रेत्याला, एक प्रयोगशाळेला, एक न्यायालयासाठी राखून. ही पद्धत आम्ही अनेक वर्षे जवळून पाहिली आणि तिच्यातला शहाणपणा आम्हांस नेहमीच पटला. परंतु या कायद्याने 'बियाणे' कशास म्हणावे याची जी व्याख्या दिली आहे, तीत अन्नपिके, तेलबिया, फळे-भाज्या, कापूस आणि गुरांचा चारा आहे. 1972 पासून ताग आहे. शोभेची हिरवळ नाही. आता हरळी ही एकच वनस्पती गाईने खाल्ली तर चारा आणि माणसाने तिच्यावर बैठक मारली तर शोभा. कायद्याच्या दृष्टीने ती कोण, हे तिच्या बियांवरून ठरवता येणार नाही.

हरळीचे नाव आले, तेव्हा आता वडोदऱ्यास येऊ. महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या कारकिर्दीत विश्वामित्रीच्या काठी 1879 साली सयाजीबाग, म्हणजे आपली कमाटीबाग, सर्वांसाठी झाली. लक्ष्मीविलास राजवाडा 1890 साली पुरा झाला. त्याच्या आवारातील उद्यानाची आखणी क्यू येथील उद्यानात घडलेल्या विल्यम गोल्डरिंगने केली. 1893 साली क्यूमधूनच गुस्ताव्ह हेरमान क्रुम्बीगेल हा जर्मन उद्यानतज्ज्ञ संस्थानच्या नोकरीत आला; 1908 साली तो म्हैसूर संस्थानात गेला आणि बंगळूरच्या लालबागेमुळे अधिक प्रसिद्ध झाला. या दोघांचे शिक्षण ज्या देशात झाले, तेथील हिरवळ फेस्क्यू, बेंट आणि राय यांची. वडोदऱ्याचा मे महिना चाळीस अंशांच्या वर जातो. थंड देशांतील ही गवते तीस-बत्तीस अंशांनंतर मरगळतात आणि चाळिशीला करपतात. इंग्लंडचे चित्र इथे उभे करायचे असेल, तर रंग इथलाच वापरणे भाग होते.

तो रंग मराठी शेतकऱ्याच्या शिव्या खात बांधावर पडलेला होता. हरळी, कुंदा आणि लव्हाळा हे काळ्या जमिनीतले तीन हट्टी वैरी. एकेका शेतातून हरळी काढताना माणसांच्या कमरा मोडल्या आहेत. तीच हरळी दूर्वा होऊन गणपतीच्या मस्तकी चढते. सर विल्यम जोन्स या प्राच्यविद्यापंडिताने अठराव्या शतकाच्या अखेरीस भिंगातून तिचा फुलोरा पाहिला आणि त्याला माणिक-पाचूंची आठवण झाली. आपल्या वैदिक परंपरेला मात्र तिच्या फुलोऱ्यापेक्षा तिच्या कांड्यांचे महत्त्व अधिक वाटले. पेरापेरातून फुटत जाणारी, म्हणूनच वंशवृद्धीची खूण, असे तिचे वर्णन मंत्रांत येते. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने हे वर्णन अचूक आहे. हरळी जमिनीवरून आणि जमिनीखालून, दोन्हीकडून धावते, आणि प्रत्येक पेर हे एक रोपच असते.

म्हणून भारतीय माळ्याने बी मागितलेच नाही. पहिला पाऊस पडून जमीन बसली, की हरळीचे बोट-दोन बोटांचे तुकडे जवळजवळ खोचून लावायचे. किंवा तुकडे, माती, शेण आणि पाणी यांचा रबडा करून तो गिलाव्यासारखा जमिनीवर थापायचा. आषाढात थापलेले श्रावणात मिटून येते. आपल्या इकडच्या जुन्या बागा, बंगल्यांची आवारे, क्रिकेटची मैदाने बहुतांशी अशीच तयार झाली. यात पुडी नाही, व्यापारी नाही, म्हणून फसवणूकही नाही. जो तुकडा हातात आहे तोच उगवणार. युरोपात आल्बर्टुसपासून नोबेपर्यंत सहाशे वर्षे ज्या प्रश्नाने छळले, तो प्रश्न बांधावरच्या या तणाने उपस्थितच होऊ दिला नाही. आमच्या मते ही माळ्यांची गरिबी नव्हती, चोख व्यवहार होता. आणि आजच्या गृहसंकुलांतून त्याला मागासलेपणा समजले जाते, ते आम्हांस मान्य नाही.

बियाण्याची बाजूही पुढे सरकलीच. ज्या राय-गवताला जुने जाणकार नाक मुरडत, त्याच्या तलम आणि चिवट जाती निघाल्या. विंबल्डनच्या टेनिस मैदानांवर 2001 पासून निव्वळ राय-गवत पेरले जाते आणि ते आठ मिलिमीटरवर कापतात. हरळीही समुद्रापार गेली आणि तिथे तिला बर्म्युडा हे नाव मिळाले. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातील टिफ्टन येथे ग्लेन बर्टन याने तिचा आफ्रिकेतील भाऊबंदांशी संकर केला. 1960 साली बाहेर आलेला त्याचा 'टिफवे' हा वाण जगभरच्या मैदानांवर पसरला. हा संकर वांझ आहे, त्याला बी धरत नाही. तेव्हा जगातल्या अत्यंत महागड्या मैदानांवरही शेवटी तुकडे खोचूनच लावावे लागतात.

साध्या हरळीचे बी मात्र अमेरिकेतच मोठ्या प्रमाणावर तयार होते. अॅरिझोनातील युमा आणि शेजारचा कॅलिफोर्नियाचा कोरडा भाग हे त्याचे मुख्य केंद्र. तिथे कालव्याच्या पाण्यावर हरळीची शेती करतात. ज्याला आपण तण म्हणून उपटतो त्याचे पीक काढतात. तिचे बी अतिशय बारीक, एका किलोत चाळीस लाखांच्या आसपास. वरचे टरफल काढले की ते लवकर रुजते, तरी दहा ते वीस दिवस लागतातच, आणि जमीन उबदार हवी. चौरस मीटरला पाच ते दहा ग्रॅम पुरतात.

हे बी 'बर्म्युडा' नावाने रंगीत पुड्यांत भरून आता आपल्या बाजारात येते. पुडीवर विलायती बंगल्याचे चित्र असते. आम्ही अशा पुड्या हाती आल्या की सवयीने आधी मागची बाजू वाचतो. बी हाताळण्यास सोपे जावे, पाणी धरून ठेवावे म्हणून त्याच्यावर हल्ली चुन्यासारख्या पदार्थाचा लेप देतात आणि ओळखू यावे म्हणून त्याला हिरवा किंवा निळा रंग देतात. पुष्कळदा हा लेप एकूण वजनाच्या निम्मा भरतो. 1869 च्या कायद्याने जे रंगवणे गुन्हा ठरवले, त्याहून हे वेगळे अशासाठी, की इथे काही लपवलेले नसते. चांगल्या कंपनीच्या पुडीवर शुद्ध बी किती, लेप किती आणि उगवणशक्ती किती, हे तिन्ही आकडे छापलेले असतात. ते बहुधा सर्वांत बारीक टाइपात, तळाच्या घडीत असतात. सुट्या पिशवीतून वजनावर घेणाऱ्याला मात्र ते दिसत नाहीत. त्याने किलोभर बी घेतले तर त्यात अर्धा किलो चुना आहे की नाही, हे त्याला पंधरा-वीस दिवसांनी, जमिनीकडे पाहून कळते.